पट्टी आणि मींड

पियानो, ऑर्गन आणि हार्मोनियम ही पट्टीची वाद्ये. त्यांत प्रत्येक सुराची जागा ठरलेली असते. बोट पडले की सूर वाजतो, बोट उचलले की तो संपतो. हिंदुस्थानी गाणे मींडेवर चालते. षड्जाकडून गंधाराकडे जाताना गळा मधली सगळी वाट घासत जातो, आणि रागाची ओळख पुष्कळदा त्या वाटेवरच पटते. वेगवेगळ्या संगीतपरंपरा एकत्र आणणाऱ्या ध्वनिमुद्रिकांना आज सरसकट ‘फ्यूजन’ म्हणतात. महाराष्ट्रात अशा प्रयोगांचा इतिहास सुमारे नव्वद वर्षांचा आहे. त्यातली कोणतीही तबकडी लावली तरी कान आधी हेच शोधतो की ठरलेली पट्टी आणि घसरती मींड यांचा मेळ इथे कसा घातला आहे. ज्या तबकड्यांनी याचे उत्तर शोधले त्या टिकल्या. ज्यांनी नुसती दोन वाद्ये शेजारी बसवली त्या लवकर विसरल्या गेल्या. या इतिहासात जालना जिल्हा दोनदा भेटतो, एकदा पेटीच्या निमित्ताने आणि एकदा समर्थ रामदासांच्या शब्दांतून.

सुरुवात पेटीपासूनच करावी लागते. हार्मोनियम हे नाव आणि त्याचे पेटंट पॅरिसच्या अलेक्सांद्र देबँ याचे, 1840 च्या दशकातले. पायाने भाता हलवून, खुर्चीत बसून वाजवायचे हे वाद्य चर्चमध्ये आणि दिवाणखान्यांत रुळले, आणि मिशनऱ्यांबरोबर हिंदुस्थानात आले. कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांच्या ‘द्वारकिन’ पेढीने त्याला हाताचा भाता दिला. त्यामुळे मांडी घालून बसणाऱ्या वादकाला एका हाताने भाता आणि दुसऱ्या हाताने पट्ट्या सांभाळता येऊ लागल्या. मराठी संगीत रंगभूमीला याची गरजच होती. पायपेटी आणि ऑर्गन यांचा भरघोस आवाज थिएटरच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचत असे आणि नटाला सुराचा आधार मिळत असे. गोविंदराव टेंबे (1881–1955) यांनी पेटीला स्वतंत्र वादनाची प्रतिष्ठा दिली. ‘संगीत मानापमान’ (1911) या नाटकाला चाली देताना त्यांनी उत्तर हिंदुस्थानातल्या ठुमरी-कजरीचे ढंग मराठी पदांत आणले. परक्या वाद्यावर बोटे ठेवून पूरबच्या चालीत मराठी शब्द गायचे, हा मिलाफ प्रेक्षकांनी इतक्या सहज स्वीकारला की पुढच्या पिढीला तो मिलाफ वाटलाच नाही.

जाणकारांना मात्र पेटी खटकत होती. पाश्चात्त्य स्वरमेळात सप्तकाचे बारा समान भाग पाडलेले असतात, आणि तो गंधार किंवा तो निषाद तंबोऱ्यातून उमटणाऱ्या सुराशी नेमका जुळत नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज न्यायाधीश ई. क्लेमेंट्स यांनी 1910 च्या आसपास बावीस श्रुतींचा हिशेब मांडला आणि त्यानुसार खास श्रुती-हार्मोनियम घडवून घेतली. तिच्यावर मोठा वाद झाला. अखेर 1 मार्च 1940 पासून आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली, आणि ती 1971 पर्यंत चालली. बंदीचे समर्थक म्हणत ते खोटे नव्हते. पेटीत मींड नाही, हे कुणालाही ऐकू येते. तरीही या तीस वर्षांत मैफलींतून आणि कीर्तनांतून पेटी हलली नाही, कारण दरम्यान वादकांनी तिच्यातून मींडेचा भास काढण्याची विद्या कमावली होती.

जालन्याचे अप्पा जळगावकर (1922–2009) हे त्या विद्येचे एक थोर नाव. त्यांच्या बालपणीचे जालना हैदराबाद संस्थानात होते. मनमाडकडून सिकंदराबादकडे जाणारी छोटी रेल्वे तिथून जाई, आणि व्यापारामुळे गाव गजबजलेले असे. अप्पा आधी गाणे शिकले आणि पेटीकडे नंतर वळले. हा क्रम त्यांच्या वादनात स्पष्ट ऐकू येतो. एक पट्टी पूर्ण सुटायच्या आत पुढची दाबली जाते, भात्याचा दाब त्याच क्षणी किंचित उतरतो, आणि दोन सुरांमधली फट कानाला जाणवत नाही. गायकाची मींड जिथे संपणार तिथे पेटीचा सूर आधीच जाऊन वाट पाहत असतो. मधली वाट गळ्याने चालायची आणि मुक्काम पेटीने दाखवायचा, अशी ही वाटणी. भीमसेन जोशींच्या गाण्याला अप्पांनी साथ केली आणि झाकीर हुसेन यांच्या तबल्याला लेहरा धरला. लेहऱ्यात तर एकच ओळ तासभर वाजवायची असते, आणि तिच्यात कंटाळा येऊ न देणे हीच कसोटी. 2000 सालचा संगीत नाटक अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला. परक्या वाद्याला रागाचे व्याकरण शिकवण्याचे हे काम पुढे गिटार, सॅक्सोफोन आणि सिंथेसायझर यांच्या वाट्याला आले, त्याचा पहिला धडा पेटीने घालून दिला होता.

ध्वनिमुद्रिकेने या मिलाफाला एक नवी अट घातली, ती वेळेची. 78 फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटे मावत. आलापाला जागा नाही, म्हणून चाल नेटकी हवी. सुरुवातीच्या काही सेकंदांत श्रोत्याला धरून ठेवायचे, म्हणून वाद्यांचे रंग वेगळे हवेत. भावगीत घडले ते याच अटींत. 1933 मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकाने जुन्या नाट्यपदांचा पसारा बाजूला ठेवला. त्याचे संगीतकार केशवराव भोळे पुढे पुण्याच्या प्रभात कंपनीत गेले आणि तिथे त्यांनी पियानो, व्हायोलिन आणि हवाईयन गिटार वापरून पाहिली. त्यांचा सर्वांत धाडसी प्रयोग 1937 च्या ‘कुंकू’मध्ये आहे. या चित्रपटाला पार्श्वसंगीतच नाही. घड्याळ, पावले, रस्त्यावरचे आवाज हेच त्याचे संगीत. त्याच चित्रपटात शांता आपटे लाँगफेलो या अमेरिकन कवीची इंग्रजी कविता गातात. गळा मराठी, शब्द इंग्रजी, आणि चाल दोन्हींच्या मध्ये कुठेतरी. पहिल्यांदा ऐकताना ती अवघडलेली वाटते. दुसऱ्यांदा ऐकताना लक्षात येते की चित्रपटाच्या नायिकेचा, नीरेचा, अवघडलेपणाच त्या चालीत आहे.

मुंबईत हे काम मोठ्या प्रमाणावर झाले ते गोव्याच्या वादकांमुळे. गोव्यातल्या पॅरिश शाळांत मुलांना लहानपणापासून स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. ही मुले मोठी होऊन मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवू लागली आणि दिवसा चित्रपटांच्या स्टुडिओत काम करू लागली. संगीतकार पेटीवर चाल सांगे, गोमंतकीय संयोजक ती कागदावर उतरवी, आणि व्हायोलिन, ट्रम्पेट, क्लॅरिनेट यांच्या वाटण्या लिहून काढी. नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, या पद्धतीचे बादशहा. ‘अलबेला’मध्ये (1951) त्यांच्याबरोबर ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट होते, आणि लॅटिन अमेरिकन नाचाचे ठेके मुंबईच्या गल्लीबोळांत पोचले. त्याच चित्रपटातली अंगाई ऐकली म्हणजे या माणसाचा आवाका कळतो. तिथे सगळी झगमग बाजूला ठेवून सूर नुसता तरंगत राहतो. श्रेयनामावलीत मात्र संयोजकांची आणि वादकांची नावे क्वचितच येत. तबकडीच्या लेबलावर तर कधीच नाही. त्या काळच्या मिश्र संगीताचा निम्मा इतिहास त्यामुळे निनावी आहे, आणि ही खंत मोठी आहे.

त्या निनावी मंडळींपैकी एकाने उजेडात येण्याचा प्रयत्न केला. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी 1958 मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात मोठा वाद्यवृंद उभा केला आणि रागांवर बेतलेल्या स्वतःच्या सिंफनी रचना सादर केल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन यांचे ते गुरू. 1960 च्या दशकाच्या मध्यावर ते शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले आणि मुंबईच्या चित्रपटसृष्टीतून बाहेर पडले. त्यांच्या रचना तबकडीवर रीतसर आल्या असत्या, तर पुढची कथा कदाचित वेगळी झाली असती.

एलपी आली आणि वेळेची अट सैल झाली. एका बाजूवर वीसेक मिनिटे मावू लागली, आणि सगळ्या तबकडीभर एकच कल्पना फुलवणे शक्य झाले. एचएमव्हीच्या मुंबई कचेरीत तेव्हा जी. एन. जोशी ध्वनिमुद्रणाचे काम पाहत. नागपूरचे वकील, आणि मराठी भावगीताच्या पहिल्या गायकांपैकी एक. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांची रानातल्या शिळेवरची कविता स्वतः चाल लावून गायली, आणि ती तबकडी घरोघरी गेली. मेहकर जालन्याला लागून असलेल्या बुलढाणा जिल्ह्यात. रानात उमटणारी शीळ तीन मिनिटांत बसवणारा हा गायक 1967 मध्ये ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या एलपीचा निर्माता झाला. तिचा विषय होता काश्मीरच्या दरीतल्या एका मेंढपाळाचा दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंतचा. पस्तीस वर्षांच्या अंतराने तोच उघड्या रानातला एकटा सूर पुन्हा आला, या वेळी भरपूर मोकळ्या जागेसह.

या तबकडीवर शिवकुमार शर्मा यांचे संतूर, हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी, ब्रिजभूषण काब्रा यांची गिटार आणि माणिकराव पोपटकर यांचा तबला आहे. वरवर पाहता सगळे शास्त्रीय संगीतच. पण संतूर हे काश्मीरच्या सूफी गायनातले साथीचे वाद्य, ते मैफलीच्या मंचावर नुकतेच आले होते. गिटार तर परदेशी. काब्रा ती मांडीवर आडवी ठेवून, तारांवर धातूची कांडी सरकवत वाजवत. बासरी जुनी असली तरी रागवाद्य म्हणून तिला मान मिळून फार दिवस झाले नव्हते. म्हणजे तिघांपैकी एकाही वाद्याला गादी नव्हती. कुणी कुणाची अदब राखत मागे बसायचे कारण नव्हते, आणि ती बरोबरी तबकडीच्या प्रत्येक वळणावर ऐकू येते.

मींडेचा प्रश्न इथे कसा सुटला, तेही ऐकण्यासारखे आहे. संतूर हे आघाताचे वाद्य. कलमांनी तारेवर टोला दिला की सूर उमटतो आणि विरू लागतो. मींड काढायची सोय त्यात नाही; शिवकुमारांनी कलम तारांवरून घसरवत सूर लांबवण्याची युक्ती काढली, पण तो अखेर भासच. गिटारवरची कांडी मात्र गळ्यासारखी सरकते. म्हणून पहाटेच्या अहीर भैरवात संतूर दवासारखे थेंब टाकत जाते, गिटार त्या थेंबांना एका रेषेत ओढते आणि बासरी त्या रेषेवर श्वास घालते. पुढे पिलू, भूप आणि देस असे राग येतात आणि शेवटी पहाडी. भूपात तिन्ही वाद्ये सर्वांत जवळ येतात, कारण त्या पाच सुरांत कुणालाच लपायला जागा नाही. माणिकरावांचा तबला सगळा वेळ मागे राहतो, आणि तेच बरोबर आहे. मेंढपाळाच्या दिवसाला उठान-परण शोभली नसती. ही तबकडी जगभर गेली. रागसंगीताचा गंध नसलेले पुष्कळ श्रोते तिच्यापासून सुरुवात करून पुढे मोठ्या मैफलींकडे वळले.

याच सुमारास मुंबईचा एक तबलजी लंडनमध्ये याहून कडव्या प्रयोगात बसला होता. केशव साठे यांचे नाव मराठी वाचकांना फारसे ठाऊक नाही, याचे वाईट वाटते, कारण युरोपातल्या तीन अगदी वेगळ्या मिश्र परंपरांमध्ये त्यांचा तबला आहे. कोलकात्यात वाढलेले संगीतकार जॉन मेयर आणि जमैकाचे सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांनी 1966 मध्ये ‘इंडो-जॅझ सूट’ काढला. पाच जॅझवादक एका बाजूला, पाच भारतीय वाद्यांचे वादक दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये मेयर यांनी लिहिलेली संहिता. साठे त्या दुसऱ्या पाचांत होते. हॅरियट यांचा सॅक्सोफोन सूर वाकवू शकतो, म्हणून तो सतारीच्या शेजारी शोभतो. पियानो आला की दोन घराण्यांमधली भिंत पुन्हा दिसू लागते. तबकडी काही ठिकाणी कागदावर लिहिल्यासारखी ताठ वाजते. तरी तिचा मान मोठा, कारण वाट आखणाऱ्याला रस्ता गुळगुळीत मिळत नाही.

1967 मध्ये साठे जर्मनीत ध्वनिमुद्रित झालेल्या ‘जॅझ मीट्स इंडिया’वर वाजवतात. दिवाण मोतीहार यांची सतार आणि गायन, आणि समोर स्वित्झर्लंडच्या इरेन श्वाइट्सर यांचा पियानो. हे मुक्त जॅझ. त्यात ताल मोडणे हाच धर्म. अशा गदारोळात तबल्याचा ठेका टिकवणे म्हणजे पुरात खांब धरून उभे राहणे. साठे उभे राहतात. पुढे 1972 च्या ‘मॅजिक कार्पेट’मध्ये क्लेम अल्फर्ड या इंग्रज सतारियाबरोबर आणि अलिशा सूफिट या गायिकेबरोबर त्यांचा तबला येतो. 1977 मध्ये जॉन रेनबर्न यांच्या गटाच्या ‘अ मेड इन बेडलम’वर तर तो जुन्या इंग्रजी लोकगीतांच्या साथीला बसतो. रेनबर्न गिटारच्या तारा एकेका बोटाने छेडतात. त्या सुट्या सुरांखाली साठे यांचा डग्गा एक हलकी लाट सोडतो. मींड इथे ना गळ्यात आहे ना गिटारमध्ये, ती डग्ग्यावर मनगट सरकवण्यातून आली आहे. इंग्रजी बॅलडला तबला लागतो हे कुणी आधी सांगितले असते तर ते पटले नसते. ऐकल्यावर ते वाद्य तिथे पहिल्यापासूनच होते असे वाटते. साथ करणाऱ्या माणसाने किती कमी वाजवावे, याचा हा उत्तम नमुना.

महाराष्ट्रात 1974 हे शिवराज्याभिषेकाच्या त्रिशताब्दीचे वर्ष. त्या निमित्ताने हृदयनाथ मंगेशकर यांनी ‘शिवकल्याण राजा’ ही एलपी केली. गाणी लता मंगेशकर यांची, निवेदन बाबासाहेब पुरंदरे यांचे. ही तबकडी मिश्र संगीताच्या यादीत सहसा धरली जात नाही, पण तिची बांधणी पाहिली तर ती धरायला हवी. सतराव्या शतकातल्या समर्थ रामदासांच्या रचना, कवी भूषण यांचे ब्रजभाषेतले छंद, सावरकरांची आरती आणि कुसुमाग्रजांची आधुनिक कविता हे सगळे एका कथासूत्रात ओवले आहे. तीनशे वर्षांचे अंतर, दोन भाषा आणि अनेक छंद, आणि त्यांच्या मागे व्हायोलिनांचा मोठा ताफा.

रामदासांचा जन्म 1608 चा, जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यात असलेल्या जांब या गावचा. गावाला आता जांब समर्थ म्हणतात. त्यांच्या शब्दांची जात कठीण. जोडाक्षरे, महाप्राण आणि एकामागून एक येणारी विशेषणे असतात, आणि ओळ पावले आपटत चालते. अशा शब्दांना गोड चाल लावली तर शब्द मरतात. नुसते पठण केले तर गाणे उरत नाही. उस्ताद अमीर खाँ यांच्याकडे शिकलेल्या हृदयनाथांनी मधला मार्ग काढला. व्यंजन जिथे आपटते तिथे ताल ठेवला, स्वर जिथे लांबतो तिथे मींड. मागची व्हायोलिने लिहिलेल्या सुरांवर सरळ चालतात, लताबाईंचा गळा त्यांच्या रेषा ओलांडून वाकतो आणि पुन्हा नेमका त्यांच्यापाशी येतो. पेटी आणि गवई यांच्यातली जुनी वाटणीच ही, फक्त पेटीच्या जागी तीस-चाळीस वादकांचा वृंद आला. हृदयनाथांच्याच ‘चाला वाही देस’ या मीराभजनांच्या तबकडीत वाद्ये विरळ आहेत आणि राजस्थानी लोकधुनांचा सुगंध अधिक आहे. दोन्ही तबकड्या लागोपाठ ऐकल्या तर एकाच संगीतकाराने पट्टी आणि मींड यांचे प्रमाण कसे बदलले, ते कळते.

तबकडीबाहेरही त्या दशकात असाच शोध चालू होता, मुख्यतः पुण्याच्या रंगभूमीवर. भास्कर चंदावरकर हे सतारवादक. 1972 च्या ‘घाशीराम कोतवाल’ला संगीत देताना त्यांनी कीर्तन, लावणी, खेळे आणि अभंग हे सगळे माणसांच्या हलत्या भिंतीतून गाऊन घेतले. 1978 मध्ये पु. ल. देशपांडे यांनी ब्रेश्तच्या नाटकावरून ‘तीन पैशाचा तमाशा’ लिहिला आणि जब्बार पटेल यांनी तो बसवला. त्याला चंदावरकर, आनंद मोडक आणि नंदू भेंडे या तिघांचे संगीत होते. भेंडे त्याआधी मुंबईत इंग्रजी रॉक गात. ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’च्या मुंबईतल्या प्रयोगात जुडासची भूमिका त्यांची. त्यांच्या गळ्यातून आलेली मराठी ओळ रॉकसारखी खरखरीत निघे, आणि नाट्यसंगीताच्या प्रेक्षकाला ती आधी बोचे, मग सापडे.

जॅझवाल्यांचे प्रयत्न समांतर चालूच होते. गोव्याचे सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस यांनी 1970 मध्ये ‘राग रॉक’ ही छोटी तबकडी काढली. 1978 पासून मुंबईत भरू लागलेल्या जॅझ यात्रेने अशा वादकांना मोठे व्यासपीठ दिले. झाकीर हुसेन माहीमचे. जॉन मॅकलॉफलिन, एल. शंकर आणि विनायकराम यांच्याबरोबरचा त्यांचा ‘शक्ती’ हा गट 1975 मध्ये अमेरिकेत ध्वनिमुद्रित झाला. मॅकलॉफलिन यांची गिटार खास घडवलेली होती. तिच्या पडद्यांमधले लाकूड खोलगट कोरले होते, म्हणजे बोटाने तार खोल दाबून सूर वर ओढता येई, आणि तंबोऱ्यासारख्या गुंजणाऱ्या आडव्या तारा वेगळ्या बसवल्या होत्या. मींडेसाठी वाद्यच बदलून घेतल्याचे इतके उघड उदाहरण दुसरे नाही.

मुंबईतला सर्वांत विलक्षण प्रयोग मात्र एका माणसाने एकट्याने केला. चरणजीत सिंग हे चित्रपटसृष्टीतले गिटार आणि की-बोर्डवादक. 1982 मध्ये त्यांनी एचएमव्हीसाठी ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही तबकडी केली. साधने होती रोलँड कंपनीची तीन यंत्रे: ज्युपिटर-8 हा सिंथेसायझर, टीआर-808 हे तालयंत्र आणि टीबी-303 हे खर्जाचे यंत्र. भैरवी, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघ मल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी असे दहा राग, प्रत्येकी पाचेक मिनिटांचे. टीबी-303 मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरण्याची सोय असते. बास गिटारची नक्कल व्हावी म्हणून ती दिली होती. सिंग यांनी त्या यंत्रात रागाचे सूर भरले, आणि पेटीला जे दीडशे वर्षांत जमले नव्हते ते प्लास्टिकच्या एका डबीने सहज केले. सूर सरकला. खाली यंत्राचा ठोका एकसारखा चालतो, कधी थकत नाही, कधी समेवर विसावत नाही. रागाच्या जाणकाराला हे निर्दय वाटते; कोमल ऋषभाला इतक्या घाईने ओलांडणे त्याला सहन होत नाही. पण चार-पाच मिनिटे तग धरली की फेऱ्यांमागून फेऱ्या घेणाऱ्या त्या सुरावटीत जपाची एक गुंगी येते.

तबकडी तेव्हा खपली नाही. पाच वर्षांनी अमेरिकेतल्या शिकागोत त्याच टीबी-303 मधून तसेच सरकते, गुरगुरते आवाज काढणारे नृत्यसंगीत जन्मले आणि त्याला ‘अ‍ॅसिड हाउस’ हे नाव पडले. एदो बाउमन या डच संग्राहकाला सिंग यांची जुनी प्रत भारतात सापडली, 2010 मध्ये ती पुन्हा प्रसिद्ध झाली, आणि युरोपातल्या श्रोत्यांनी तोंडात बोट घातले. मुंबई आणि शिकागो इथले लोक एकमेकांना ओळखत नव्हते. यंत्र मात्र एकच होते, आणि त्याच्या पोटात दडलेली घसरण दोघांनाही स्वतंत्रपणे सापडली. उतारवयात सिंग यांनी परदेशांत जाऊन ही रचना मंचावर वाजवली. 2015 मध्ये त्यांचे मुंबईत निधन झाले.

कॅसेट आल्यावर ध्वनिमुद्रण स्वस्त झाले आणि मिलाफाचे केंद्र मोठ्या कंपन्यांकडून गावोगावच्या गायक-पार्ट्यांकडे सरकले. प्रल्हाद शिंदे एकाच आयुष्यात विठ्ठलाची गाणी, भीमगीते आणि मराठी कव्वाली गात. कव्वालीची टाळी, ढोलकीची थाप आणि प्रबोधनाचे मराठी शब्द यांचा हा मेळ दक्षिणेतल्या दर्ग्यांच्या आणि जलशांच्या सहवासातून आलेला. त्याला कुणी प्रयोग म्हटले नाही, पुस्तकांतही त्याला फार जागा मिळाली नाही. मराठवाड्यातल्या गावांत मात्र एलपीवरच्या कोणत्याही प्रयोगापेक्षा तो जास्त ऐकला गेला.

2001 मध्ये संगीतकार अजय-अतुल यांनी ‘विश्वविनायक’मध्ये गणेशस्तोत्रांना मोठा वाद्यवृंद आणि समूहगायन दिले. गायकांत शंकर महादेवन होते. ते श्रीनिवास खळे यांचे शिष्य, आणि पुढे त्याच ‘शक्ती’ गटाचे गायक. त्या गटाच्या 2023 च्या ‘धिस मोमेंट’ या ध्वनिमुद्रिकेला 2024 मध्ये ग्रॅमी मिळाले. ‘सैराट’ या चित्रपटासाठी (2016) अजय-अतुल यांनी हॉलिवूडच्या स्टुडिओत सिंफनी वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला, आणि त्याच गाण्यांत हलगीही वाजते. व्हायोलिनांची फळी फुगत जाते आणि हलगीचा कोरडा कडकडाट तिला मध्येच तोडतो. दोघे एकमेकांत मिसळत नाहीत, आळीपाळीने बोलतात. याच सुमारास मुंबईत ‘अभंग रिपोस्ट’ हा तरुणांचा गट उभा राहिला. संतांचे शब्द त्यांनी गिटार आणि बासच्या साथीने गायला घेतले, आणि मूळ वारकरी ठेका बहुतेक ठिकाणी तसाच ठेवला. त्यांच्या गाण्यात विजेची गिटार तार ताणून सूर वर नेते, गायक तोच सूर गळ्याने गाठतो, आणि खालचा ठेका पंढरीच्या वाटेवर चालतो तसाच चालत राहतो.